सातबाऱ्यावर नाव नसेल तर? विदर्भातल्या गावांतून वारंवार येणारे प्रश्न

यवतमाळ, वर्धा, वाशीम, अमरावती, चंद्रपूर इकडच्या गावांतून फोनवर, ग्रामसभा संपल्यावर, नाहीतर तहसीलच्या आवारातल्या टपरीवर लोक जे विचारतात ते इथे एका जागी लिहून काढलं आहे. प्रश्न कर्जाचा असो, दारूचा असो की लग्नाचा, चार वाक्यांनंतर बोलणं एकाच जागी येतं: कागदावर नाव कोणाचं? रकमा आणि अटी बदलत राहतात. अर्ज करण्याआधी ताजा शासन निर्णय मागून घ्या.

१. वावर मी कसतो, पण सातबारा भावाच्या नावावर आहे. मग मी शेतकरी नाही का?

गावासाठी आहात, दप्तरासाठी नाही. पीक कर्ज, नुकसानीचं अनुदान, पीएम किसान आणि आता शेतकरी ओळख क्रमांक, सगळ्याची सुरुवात सातबाऱ्यापासून होते. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने शेतकऱ्याची व्याख्या मोठी केली होती. मक्त्याने (ठरलेली रक्कम देऊन दुसऱ्याची जमीन) करणारा, बटईवाला (पिकाच्या वाट्यावर कसणारा), शेतमजूर, शेतात राबणारी बाई, आदिवासी हे सगळे त्यात होते. पण पटवारी धोरण वाचून नोंद करत नाही, जमीन पाहून करतो. त्यामुळे गुढीपाडव्याला सालाने राहिलेला सालदार वर्षभर दुसऱ्याची पऱ्हाटी (कापूस) सांभाळतो आणि सरकारी हिशेबात कुठेच नसतो. भावाशी वाटणी झाली असेल तर ती तोंडी ठेवू नका (प्रश्न १९ पाहा).

२. मक्त्याने केलेलं वावर पुरात गेलं. अनुदान मालकाच्या खात्यात आलं. तो देत नाही. काय करू?

खरं सांगायचं तर फार काही नाही. पैसे नोंदीप्रमाणे जातात. ई-पीक पाहणीतही (मोबाइलवरून होणाऱ्या पिकाच्या नोंदीतही) पीक त्याच्याच सातबाऱ्यावर चढतं, त्यामुळे हमीभावाने कापूस विकतानासुद्धा त्याचंच खातं लागतं. पीक विम्यासाठी मक्तेदाराला नोंदणीकृत भाडेकरार मागतात, आणि तो करायला मालक तयार नसतो. कागद झाला की उद्या हा कूळ म्हणून, म्हणजे कसतो म्हणून जमिनीवर हक्क सांगत, उभा राहील, ही भीती १९५८ च्या विदर्भ कूळ कायद्यापासून घराघरांत बसली आहे. ती अगदीच खोटी आहे असंही नाही, पण तिची किंमत दर हंगामाला मक्तेदार मोजतो.

पुढच्या सालासाठी एवढं करा. मक्ता ठरवतानाच अनुदान आलं तर कोणाचं, विमा आला तर कोणाचा, हे चार ओळींत लिहा. दोघांच्या सह्या आणि गावातले दोन साक्षीदार घ्या. सरकार हा कागद मानणार नाही, पण गावातल्या बैठकीत त्याला वजन असतं.

३. सोसायटीचं पीक कर्ज शून्य टक्क्याने मिळतं. मग लोक सावकाराच्या दारात का जातात?

शून्य टक्के खरं आहे. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून व्याज उरत नाही. अट ‘मुदतीत’ या शब्दात आहे. कोरडवाहू वावरात दोन-तीन वर्षांत एकदा साल हुकतं, आणि एकदा थकीत झालं की नवं कर्ज बंद. जूनमध्ये बियाणं तर लागतंच.

दुसरी गोष्ट, पीक कर्ज एकरी ठरलेल्या दराने आणि पिकासाठीच मिळतं. घरात ऑपरेशन निघालं, मुलीचं लग्न निघालं, बैल मेला, तर सोसायटी काय करणार? तिसरी गोष्ट बाहेरचे लोक विसरतात. नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तिन्ही जिल्हा मध्यवर्ती बँका मध्यंतरी डबघाईला आल्या होत्या. ज्या दारातून गावाला पैसा यायचा तेच दार बंद झालं. त्या पोकळीत कृषी केंद्राची उधारी आली, अडत्याची उचल आली आणि आठवड्याच्या हप्त्याच्या फायनान्स कंपन्या आल्या (प्रश्न ७ पाहा).

४. एवढ्या कर्जमाफ्या झाल्या, आमचं कर्ज तसंच कसं?

बहुतेकदा तीनपैकी एका कारणाने. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्यांना होती. इकडे ओलिताशिवायची सात-आठ एकर जमीन असलेला माणूस गरीबच असतो, पण नियमात तो मोठा शेतकरी ठरला. २०१७ च्या योजनेत दीड लाखाची आणि २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले योजनेत दोन लाखांची मर्यादा होती, वरचं राहिलं. आणि तिसरं कारण, कर्ज बँकेचं नव्हतंच. बिनपरवान्याच्या सावकाराची माफी कोणी करत नाही.

५. परवान्याचा सावकार आणि बिनपरवान्याचा, फरक काय?

फरक मोठा आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारकाला शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ टक्के आणि बिनतारणी १२ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येतं. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. दामदुपटीचा जुना नियम तोच. कोऱ्या कागदावर सही घेणंही गुन्हा आहे. बिनपरवान्याने सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गावात मात्र व्याज शेकड्याला महिन्याने बोललं जातं. ‘पाच रुपये शेकडा’ ऐकायला किरकोळ वाटतं, वर्षाचे साठ टक्के होतात. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे (सहकारी संस्था) लेखी द्या आणि पोच घ्या. कृषी केंद्राची मालाची उधारी सहसा व्यापार धरली जाते. पण त्याच दुकानदाराने रोख पैसे व्याजाने देऊन कोरा चेक ठेवून घेतला असेल, तर प्रकरण सावकारीत बसू शकतं.

६. पैसे घेताना सावकाराने वावराचं खरेदीखत करून घेतलं. तोंडी ठरलं होतं की फेडलं की परत देईन. आता नाही म्हणतो.

हे सगळ्यात जास्त येणारं प्रकरण, आणि सगळ्यात जास्त लाजेने सांगितलं जाणारं. कायद्यात वाट आहे. व्यवहार सावकारीतून झाला असं दिसलं तर जिल्हा निबंधक चौकशी करून खरेदीखत रद्द ठरवू शकतो आणि जमीन परत द्यायचा आदेश देऊ शकतो. अर्जाच्या मागच्या पंधरा वर्षांतले व्यवहार त्यात येतात.

सिद्ध कसं करायचं? बाजारभावापेक्षा फारच कमी किमतीचं खत, खतानंतरही ताबा आणि वहिवाट तुमचीच, व्याज दिल्याच्या चिठ्ठ्या, फोनवरचे संदेश आणि त्याच सावकाराने दुसऱ्यांशी केलेली अशीच खतं. शेवटचा पुरावा फार जड असतो. म्हणून एकट्याने जाऊ नका, त्याच माणसात अडकलेले आणखी दोघे-तिघे शोधा. गावात ते कोण आहेत हे सगळ्यांना माहीत असतंच.

७. बायकोच्या गटाचा हप्ता राहिला. फायनान्सची माणसं रात्रीपर्यंत ओट्यावर बसून राहतात. हे चालतं का?

नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर येता किंवा फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास हेही बसत नाही. कर्ज बिनतारणीच असतं, म्हणजे गॅसचं सिलिंडर किंवा शिलाई मशीन उचलून नेता येत नाही. शिवाय घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, हे कर्ज देतानाच त्यांनी पाहायचं असतं. एका बाईला चार कंपन्यांचं कर्ज असतं, तेव्हा ते कोणी पाहिलं नव्हतं हे उघड आहे.

आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी क्रमांक १४४४८. एक सावधगिरी: खरे बचत गट आणि कंपनीने बांधलेले ‘गट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याचा राग पहिल्यावर काढू नका.

८. घरच्या कर्त्या माणसाने जीव दिला. सरकारची मदत कशी मिळते?

आधी थोडा इतिहास. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि मुलांसह जीवन संपवलं. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून तिची आठवण ठेवली जाते. दरवर्षी १९ मार्चला त्यासाठी अनेक जण अन्नत्याग करतात. एक लाखाच्या मदतीचा शासन निर्णय निघाला तो जानेवारी २००६ मध्ये. त्याच वर्षी पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पॅकेजं आली-गेली, मदतीचा एक लाखाचा आकडा मात्र तिथेच आहे.

त्यातले ३० हजार थेट मिळतात आणि ७० हजार मासिक प्राप्तीच्या ठेवीत ठेवले जातात. पोलीस पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, सातबारा आणि कर्जाचा दाखला घेऊन तहसीलदार प्रकरण पाठवतात, निर्णय जिल्हाधिकाऱ्यांची समिती घेते. पहिल्या आठवड्यात घरचे शुद्धीवर नसतात, म्हणून हे कागद शेजाऱ्या-पाजाऱ्यांपैकी कोणीतरी गोळा करावेत. पंचनाम्यात ‘घरगुती वाद’ किंवा ‘दारूचं व्यसन’ असे शब्द घाईने लिहिले जातात आणि पुढे तेच आडवे येतात. सही करण्याआधी वाचा.

विधवेसाठी संजय गांधी निराधार योजना आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरासाठी राष्ट्रीय कुटुंब लाभाचे २० हजार हे वेगळे अर्ज आहेत. तेही तहसीलमध्येच द्यायचे.

९. आमचं प्रकरण ‘अपात्र’ ठरलं. का?

निकष तीन: नापिकी, बँकेचं किंवा मान्यताप्राप्त सावकाराचं कर्ज न फिटणं आणि वसुलीचा तगादा. जमीन मृताच्या किंवा त्याच्या कुटुंबातल्या कोणाच्या नावे हवी. आता याच्या उलट बाजूने पाहा. मक्त्याने करणारा बाद, त्याच्या नावे जमीन नाही. बिनपरवान्याच्या सावकाराचं कर्ज बाद, त्याचा दाखला कोण देणार? म्हणजे ज्याला बँकेने दारातही उभं केलं नाही, तोच या मदतीतूनही सुटतो. माझ्या मते या निकषातली सगळ्यात अन्यायाची जागा हीच.

कारण लेखी मागा. कागद कमी म्हणून अपात्र झालं असेल तर नव्या पुराव्यासह फेरविचाराचा अर्ज करता येतो. बऱ्याचदा सोसायटीचं जुनं कर्ज वडिलांच्या नावे निघतं, ते कुटुंबाचं कर्ज म्हणून दाखवा.

१०. माणूस वाचला तर पोलीस केस होते, म्हणून दवाखान्यात न्यायला लोक घाबरतात. खरं काय?

भीती जुनी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि त्याला शिक्षा करत नाहीत. नव्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ कलमही ठेवलेलं नाही. पोलीस जबाब घेतात, तो नेहमीचा भाग आहे. वेळ दवाखान्यात पोहोचण्यात घालवा, केसच्या चर्चेत नाही.

आणि आधीच लक्ष द्यायचं असेल तर: माणूस अचानक उधाऱ्या मिटवायला लागला, बोलेनासा झाला, ‘माझ्यामागे पोरांना बघा’ म्हणायला लागला, तर ते सहज बोलणं समजू नका. सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात विचार घुसतो, हा समज चुकीचा आहे. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

११. वावरात साप चावून माणूस गेला. कर्जही होतं. कुठे अर्ज करायचा?

ही आत्महत्या नाही, म्हणून प्रश्न ८ मधली मदत इथे लागू नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश, वीज पडणं, विजेचा धक्का, बुडणं हे सगळं येतं. मृत्यूला दोन लाख, वय १० ते ७५. अर्ज तीस दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. खातेदारासोबत घरातला बिनखातेदार एक जणही यात धरतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. मजूर मात्र यात नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने जी माणसं गेली त्यांत दुसऱ्याच्या वावरात पंप पाठीला बांधलेले मजूर होते, आणि तेव्हाही हाच प्रश्न उभा राहिला.

१२. नवरा गेला. सासरे सातबाऱ्यावर नाव चढवू देत नाहीत, म्हणतात दुसरं लग्न करशील. माझा हक्क किती?

ताई, जमीन नवऱ्याच्या नावे होती तर हिंदू वारसा कायद्याने तुमचा, प्रत्येक मुलाचा, प्रत्येक मुलीचा आणि सासूबाईंचा वाटा सारखा. सासऱ्यांचा त्यात वाटाच नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं घेऊन पटवाऱ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या, ई-हक्क प्रणालीवरूनही देता येतो. नोटिशीचे पंधरा दिवस असतात. कोणी हरकत घेतली तर मंडळ अधिकारी सुनावणी घेतात. निकाल विरोधात गेला तर साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील.

दुसरं लग्न केलं म्हणून मिळालेला वाटा जात नाही. हे सासऱ्यांना तुम्ही सांगू नका, ग्रामसभेत किंवा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडून सांगितलं जाऊ द्या. त्या वकिलाची फी बायकांना लागत नाही.

अवघड अपवाद: जमीन अजून सासऱ्यांच्याच नावे असेल तर आधी ती वडिलोपार्जित की त्यांनी स्वतः घेतलेली, हे जुन्या फेरफारांवरून (मालकी बदलल्याच्या नोंदींवरून) काढावं लागतं. स्वतः घेतलेली असेल तर ते जिवंत असेपर्यंत थेट मागणी चालत नाही. ते गेल्यावर मात्र आधी वारलेल्या मुलाची विधवा म्हणून तुम्ही वारस आहात.

१३. नवरा जिवंत असतानाच बायकोचं नाव लावता येतं का?

येतं. शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम चालवली तेव्हा कित्येक गावांत नवऱ्यांनी स्वतःहून हे केलं. नवऱ्याने अर्ज दिला तर बायको सहहिस्सेदार म्हणून लागते. प्रश्न ८ ते १२ मधली निम्मी धावपळ त्याने वाचते. अडचण कायद्याची नाही, नवऱ्याच्या अर्जाची आहे.

१४. आम्ही जंगलालगतची जमीन कसतो. पट्टा मिळेल का?

१३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असाल तर वनहक्क कायद्याखाली दावा करा, जास्तीत जास्त चार हेक्टर. बिगर-आदिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो आणि तिथेच बहुतेक दावे अडकतात. दावा ग्रामसभेपासून सुरू होतो. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो, सातबाऱ्याला जे जमलं नाही ते इथे कायद्यातच लिहिलं आहे. पट्टा वारसाला जातो, विकता येत नाही. सामूहिक हक्क पाहायचा असेल तर गडचिरोलीतलं मेंढा-लेखा पाहा. २००९ मध्ये त्यांनी तो मिळवला आणि २०११ पासून बांबू स्वतः विकला.

१५. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं आहे. वर्ध्यात तर बंदी आहे, तरी दारू मिळते. मग उपयोग काय?

वर्धा सत्तरच्या दशकापासून, गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीचे जिल्हे आहेत. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये उठली. बंदीने दारू संपत नाही, महाग होते आणि लपते. पण वर्ध्यातल्या बायांना विचारा, बंदी उठवा असं त्यांतली क्वचितच कोणी म्हणेल.

परवान्याचं दुकान असेल तर महिला मतदारांपैकी किमान २५ टक्क्यांनी निवेदन द्यायचं, मग मतदान होतं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. ‘एकूण’ म्हणजे मतदानाला न आलेल्याही मोजल्या जातात, म्हणून कापूस वेचणीच्या दिवसांत तारीख घेऊ नका. मोहाच्या हातभट्टीला हा मार्ग नाही, ते काम पोलिसांचं आणि उत्पादन शुल्क खात्याचं.

१६. मुलगी साडेसतरा वर्षांची आहे. स्थळ चांगलं आहे, हुंडाही मागत नाहीत. सहा महिन्यांनी काय बिघडतं?

तेच आम्ही विचारतो, सहा महिने थांबलं तर काय बिघडतं? कायद्याने अठरा पूर्ण हवेत. लग्न लावणारे, मंडपवाले, भटजी सगळे अडकतात. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच असतो. मुलीलाही १०९८ वर फोन करता येतो.

१७. लोकसंख्या वाढली म्हणूनच ही वेळ आली ना?

अर्धंच खरं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर १.७ निघाला, म्हणजे दोन मुलांपेक्षाही कमी. जमिनीचे तुकडे मात्र होतच राहिले. राज्यात एका खातेदाराकडची सरासरी जमीन १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये १.३४ राहिली. घरातल्या दुसऱ्या भावाला शेतीबाहेर टिकाऊ काम मिळालं नाही, म्हणून वाटणी झाली. पोरं जास्त झाली म्हणण्यापेक्षा कामं कमी पडली म्हणा.

१८. शेती करणाऱ्या पोराला कोणी मुलगी देत नाही. उपाय?

मुलीच्या बापाला जावई पुण्यात नोकरीचा हवा आणि गावी दहा एकराचा सातबाराही हवा, हा विनोद आता कोणाला हसवत नाही. पण मुलींचं म्हणणंही ऐका. आईला त्यांनी निंदण-वेचणी करताना पाहिलं आहे आणि आईचं नाव कुठल्याच कागदावर पाहिलेलं नाही. उपाय आमच्याकडे नाही. प्रश्न १३ मधला अर्ज लग्नाआधीच ठरवणारं एखादं घर आम्हाला अजून भेटायचं आहे.

१९. सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे. आजोबा, बाप, दोन काका गेले. आता सुरुवात कुठून?

पायरी सोडून चालत नाही. आजोबांपासून प्रत्येक मृत्यूचा दाखला काढा, जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून मागवा आणि वंशावळ लिहा. वंशावळीत आत्या आणि बहिणी वगळू नका. वगळल्या तर आज नोंद होईल, पण उद्या त्यांच्यापैकी कोणी दावा टाकला की सगळं मागे येतं. त्यांना वाटा नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, रक्षाबंधनाला कोऱ्या कागदावर घेतलेली सही नाही. आणि बहिणींनो, हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी त्यात किती गट क्रमांक लिहिले आहेत ते मोजा. एका वावराचं म्हणून सांगतात आणि कागदात चारही गट असतात.